कोकणातल्या बेटावर पुस्तक लिहायचंय? भरतीच्या गणितापासून सुरुवात करा

जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे बेटांवरचे. तेव्हापासून 'जलदुर्गावर काहीतरी लिहितोय' असं सांगणारी माणसं जास्तच भेटायला लागली आहेत. कुणाला कादंबरी लिहायची असते, कुणाला मुलांसाठी गोष्ट, कुणाला आपल्या गावासमोरच्या बेटाचा नीट इतिहास. यातली जी हस्तलिखितं नजरेखालून जातात त्यांचा साचा बहुधा एकच: पहिली दीडशे पानं सनावळ्या आणि लढाया, मग शेवटी 'बेटावरील निसर्गसंपदा' नावाचं एक प्रकरण. त्यात पक्ष्यांची यादी, माशांची यादी, कासवांचा एक परिच्छेद. हे प्रकरण वाचक उलटून टाकतो. त्यात त्याची चूक नाही.

बेटावर इतिहास आणि निसर्ग वेगळे नसतातच. ज्या खडकाळ उथळ पाण्यामुळे शत्रूची मोठी जहाजं तटाजवळ येऊ शकत नव्हती, त्याच पाण्यात आज प्रवाळ आहे आणि बायका कालवं काढतात. तेव्हा दोन्ही एकाच पानावर आणायचं कसं, त्याची ही वाट. नवख्यांसाठी लिहितोय, म्हणून कामाच्या क्रमानेच सांगतो.

आधी प्रश्न, मग बेट

'मला सिंधुदुर्गावर लिहायचंय' एवढ्यावर पुस्तक उभं राहत नाही. त्या बेटाला विचारायचा एक प्रश्न लागतो, आणि तो असा हवा की उत्तर शोधताना कागदही चाळावे लागतील आणि खडपात, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांतही उतरावं लागेल.

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर 1664 च्या नोव्हेंबरात सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू झालं, 1667 मध्ये ते पुरं झालं. चारही बाजूंना खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. आता प्रश्न घ्या: या बेटावर पाणी कुठून येतं आणि ते कुणाकुणाला पुरतं? इतिहासाच्या बाजूने तुम्ही जागेच्या निवडीपाशी, शिबंदीपाशी, वेढ्यापाशी पोचता. निसर्गाच्या बाजूने पाऊस, मुरणारं पाणी, झाडं, पाखरं. शिवाय किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात, त्यांना एप्रिल-मे महिन्यांत विहिरीची पातळी विचारता येते. एवढ्या एका प्रश्नावर पुस्तक निघतं.

दुसरा प्रश्न खांदेरीचा. 1679 च्या पावसाळ्याअखेरीस मराठ्यांनी मुंबई बंदराच्या तोंडावरच्या या बेटावर तटबंदी घालायला घेतली, मराठ्यांचा आरमारी सरदार मायनाक भंडारी तिथे ठाण मांडून होता. इंग्रजांनी गलबतं आणून वेढा घातला, तरी थळच्या किनाऱ्यावरून रसद जातच राहिली. का? उथळ पाणी, वल्ह्यावर चालणाऱ्या हलक्या होड्या, रात्रीचा पडलेला वारा आणि भरतीची वेळ. ही लढाई समुद्र समजल्याशिवाय लिहिता येत नाही.

घारापुरी, जंजिरा, पद्मदुर्ग, उंदेरी, कुलाबा, वेंगुर्ल्यासमोरचे खडक, यातलं कुठलंही घ्या. फक्त पहिल्या पुस्तकासाठी असं घ्या जिथे वर्षातून पुष्कळदा जाता येईल. मुंबईत नोकरी असेल तर अलिबागचा कुलाबा बरा. वेंगुर्ल्याचे खडक मोहात पाडणारे असले तरी राहू द्या.

वर्षाची आखणी

ही पायरी लोक गाळतात आणि मग मे महिन्यात फोन करतात की होड्या बंद होत आल्यात, आता काय करू.

पावसाळ्यात बहुतेक बेटांवरची वाहतूक बंद असते. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारीलाही बंदी असते. म्हणजे या दोन महिन्यांत तुम्हाला बेट मिळत नाही, पण माणसं मिळतात. एरवी पहाटे समुद्रावर आणि दुपारी झोपेत असणारे तांडेल आणि खलाशी तेव्हा पडवीत जाळी विणत बसलेले असतात. गप्पांसाठी याहून चांगला काळ नाही. अभिलेखागारातलं कामही याच दिवसांत उरकावं.

नारळी पौर्णिमेनंतर दर्या उघडतो, पण पाणी निवळायला वेळ लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उत्तरेकडून कुरव पक्षी यायला लागतात आणि मार्चच्या आसपास परततात. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात वाळूत अंडी घालायला येतात, पिल्लं निघायला दीड ते दोन महिने लागतात. म्हणून बेटावरच्या फेऱ्या नोव्हेंबर ते मार्च या काळात भरपूर ठेवा. आणि एक फेरी मेच्या अखेरीस जरूर करा, समुद्राचा रंग बदलायला लागतो तेव्हा. पूर्वी पावसाळा तोंडावर आला की जहाजं खाडीत ओढून घेत. ती घाई कशाची ते त्या दिवसांत किनाऱ्यावर उभं राहिल्यावर कळतं.

भरतीचं गणित

कोकणात म्हाताऱ्यांना विचारा, भरती किती वाजता? ते घड्याळ बघत नाहीत, तिथी विचारतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन. म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. षष्ठी असेल तर साडेचार. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशोब तोच. रोज भरती साधारण पंचेचाळीस-पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून हे जमतं.

हिशोब ढोबळ आहे, किनाऱ्यागणिक थोडा इकडेतिकडे होतो. पाण्यातून चालत जायचं असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं बघा आणि तिथल्या माणसाला विचारा. पण लेखकाला ही पाऊणकी पाठ हवी, कारण तुमच्या गोष्टीतली माणसं वेळ अशीच मोजत असणार.

याच्याच जोडीला उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, पाणी खूप चढतं आणि ओहोटीला खूप मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, चढउतार कमी. खडपातलं जग बघायचं असेल तर उधाणाची ओहोटी गाठा. एरवी पाण्याखाली असलेले खडक तेव्हाच उघडे पडतात.

वहीत प्रत्येक नोंदीला तारीख, तिथी, वेळ, पाणी चढतंय की उतरतंय आणि वारा कुठला, एवढं लिहायचं. सकाळी जमिनीकडून येणारा मतलई आणि दुपारचा खारा वारा यांत फरक करता आला पाहिजे. काय दिसलं ते त्यानंतर.

एका जागी बसा

नवखा लेखक बेटावर गेला की सगळं बघून घेतो: दरवाजा, तोफा, मंदिर, तलाव, फोटो, परत. असली 'दर्शनं' कितीही केली तरी लिहायला काही हाती लागत नाही. त्यापेक्षा एक कोपरा निवडा आणि दर फेरीला तिथेच जाऊन बसा, निदान एका ओहोटीपुरतं.

उदाहरण म्हणून कुलाबा किल्ल्याचा तट घ्या. ओहोटीला अलिबागच्या किनाऱ्यावरून चालत जाता येतं. गणपतीच्या देवळाकडे जायची घाई करू नका, ते 1759 मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलं, ते कुठे जात नाही. बाहेरून तटाच्या पायथ्याशी या. प्रचंड चिरे एकावर एक नुसते रचलेले दिसतील, सांध्यांत चुना नाही. लाट आपटते तेव्हा पाणी त्या फटींतून आत शिरतं, तिथे तिचा जोर मोडतो आणि पाणी सळसळत बाहेर येतं. कान लावला तर तट आतून खळखळताना ऐकू येतो. बांधणाऱ्यांनी लाटेला वाट ठेवली, म्हणून तट टिकला.

आता त्याच फटीत डोकावा. काळसर खेकडे बोटभर आत सरकून बसलेले असतात, पाठीपेक्षा नांगी मोठी. बारक्या शंखांचे घोस ओलाव्याच्या कडेला चिकटलेले. तटाला ठरावीक उंचीपर्यंत पांढरी, टोकदार, हात कापणारी कवचं दाटीने चिकटलेली असतात, ती बार्नॅकल. त्यांचा पट्टा जिथे संपतो तिथपर्यंत भरतीचं पाणी नेमाने येतं. शिडी किती उंच लागली असती, होडी कुठपर्यंत टेकली असती, हे त्या पट्ट्यावरून अंदाजता येतं. आणि जरा वेळ हललात नाही तर समुद्र बगळा येतो. एक करड्या पाटीच्या रंगाचा, दुसरा पांढराशुभ्र, जात एकच. चिऱ्यावरून चिऱ्यावर पाय टाकत तो त्याच फटी तपासतो.

चुना न भरल्यामुळे तट टिकला, फटी राहिल्या म्हणून खेकडे आले, खेकडे आले म्हणून बगळा. तुमच्या पुस्तकाचं एक प्रकरण इथे तयार आहे आणि त्यात इतिहास कुठे संपून निसर्ग कुठे सुरू झाला ते दाखवता येणार नाही.

कागदपत्रं, आणि तारखांचा एक सापळा

सुरुवात जिल्हा गॅझेटियरपासून करा. रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड 1880 चा आणि कुलाबा-जंजिऱ्याचा 1883 चा. बंदरं, मासे, होड्यांचे प्रकार, व्यापार, किल्ले, सगळं एकाच ठिकाणी असल्यामुळे आपल्या कामाला ते फार सोयीचे पडतात. मात्र लिहिणारे कंपनी-सरकारच्या परंपरेतले, त्यामुळे आंग्र्यांना चाचे म्हणण्याची त्यांची सवय तशीच उचलू नका.

पुढे मुंबई आणि पुण्याची पुराभिलेखागारं, पुण्यातलं 1910 मध्ये सुरू झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ, आणि दक्षिण कोकणासाठी पणजीचं अभिलेखागार. मोडी शिकायला लागेलच असं नाही, पण वर्ग मिळाला तर सोडू नका. पाखरं, प्राणी यांसाठी 1883 पासून चालू असलेली मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, आणि माशांसाठी रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने समुद्र गरुड, पाकोळ्या (स्विफ्टलेट पक्षी) आणि कासवांवर याच किनाऱ्यावर काम केलं आहे.

बखर आणि पत्र यांत फरक करा. घटनेनंतर कित्येक वर्षांनी लिहिलेली बखर रंग देते, त्या दिवशीचं पत्र तपशील देतं. कादंबरीला दोन्ही चालतात, इतिहासाला आधी पत्र. समुद्राखालून गेलेलं भुयार तर जवळजवळ प्रत्येक जलदुर्गाला चिकटवलेलं असतं. ती दंतकथा म्हणून लिहा, खुशाल लिहा, पण दंतकथा म्हणूनच. जंजिऱ्याच्या बुरुजांचा आकडाही पुस्तकागणिक बदलतो. होडीतून फेरी मारा आणि स्वतः मोजा.

आता तो सापळा. खांदेरीची मोठी आरमारी लढाई इंग्रजी कागदांत 18 ऑक्टोबर 1679 ला आहे. पहाटे दौलतखानाच्या हाताखालचं मराठी आरमार इंग्रजांवर चालून गेलं आणि 'डोव्ह' नावाचं जहाज मराठ्यांच्या हाती लागलं. पण इंग्रज 1752 पर्यंत जुनं पंचांग वापरत, आणि सतराव्या शतकात ते आजच्या पंचांगाच्या दहा दिवस मागे होतं. म्हणजे आजच्या हिशोबाने ती तारीख 28 ऑक्टोबर. फरक दहा दिवसांचाच, पण चंद्र बदलतो. तारीख तशीच उचलली तर तुमची लढाई कोजागरीच्या तोंडावर होते, टिपूर चांदण्याच्या रात्रीनंतर आणि उधाणाच्या पाण्यात. प्रत्यक्षात ती दिवाळीला आठवडाभर असताना झाली, वद्य अष्टमी-नवमीच्या सुमारास. चंद्र मध्यरात्री उगवलेला, पहाटे अर्धा चंद्र डोक्यावर, पाणी भांगाचं. आरमार निघालं त्या रात्रीचं वर्णन या एका दुरुस्तीने उलटंपालटं होतं.

चौल-गोव्याचे पोर्तुगीज मात्र सोळाव्या शतकाच्या अखेरीपासूनच नवं पंचांग वापरत होते, त्यामुळे एकाच घटनेच्या दोन कागदांत दोन तारखा सापडतात. शिवाय जुन्या इंग्रजी हिशोबात वर्ष 25 मार्चला बदले. जंजिऱ्याच्या सिद्दीने उंदेरीवर पाय रोवला तो जानेवारी 1680 मध्ये, पण इंग्रजी कागदात ते साल 1679 असू शकतं. शक वर्षात 78 मिळवले की इसवी सन येतो. फक्त जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या तारखांना 79. असा एक तक्ता करून भिंतीला लावा.

माणसं

कोळी, गाबीत, भंडारी, खारवी, दालदी. प्रत्येकाचा समुद्र थोडा निराळा. जेट्टीवर पर्यटकांना फिरवणारा होडीवाला भेटला की तिथेच थांबू नका. तो रोज तेच बोलतो आणि छान बोलतो, म्हणूनच त्याचं सगळं घडीव असतं.

पर्यटकासारखे प्रश्न विचारले की पर्यटकाला देतात तीच उत्तरं मिळतात. 'इथे डॉल्फिन कधी दिसतात?' असं विचारलंत की 'सकाळी लवकर या' एवढंच. मालवणकडे डॉल्फिनला गादा म्हणतात; तिथे 'काकानू, गादो जाळ्यात इलो तर तुमी काय करतास?' असं विचारून बघा. मग जाळं किती फाटतं, नवं जाळं कितीला, गादा माशाचा थवा कसा वळवतो, त्याच्याहून लहान, पाठीवर पंख नसलेला भुलगा कसा गपचूप वर येतो, हे सगळं येतं. तक्रारीतून निसर्ग फार चांगला कळतो.

ओहोटीला खडपात कालवं काढणाऱ्या काकींशी बोलायला लेखक सहसा जातच नाहीत. खडकाचा कुठला भाग कुठल्या महिन्यात भरतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. मात्र ओहोटी म्हणजे त्यांचा कामाचा वेळ. तेव्हा मध्ये मध्ये करू नका, घरी परतल्यावर भेटा.

रेकॉर्डर विचारल्याशिवाय लावायचा नाही. नाव छापणार असाल तर तेही विचारा. जे लिहिलंत ते छापण्याआधी त्यांना वाचून दाखवा, होडीच्या भागांची नावं तरी नक्की. आणि 'आज नको, वारो फिरलो' असं कुणी म्हणालं की हुज्जत घालू नका, बॅग उचला आणि घरी जा.

कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी थोडं वेगळं

कल्पना चालेल, पण जुन्या काळात नव्या गोष्टी घुसवू नका. शिवकाळातल्या किनाऱ्यावर सुरूचं बन नको. सुरू मूळचा ऑस्ट्रेलियाकडचा, आपल्याकडे त्याची लागवड इंग्रजी अमलातली. खांदेरीचं दीपगृह 1867 चं, त्यामुळे मायनाक भंडाऱ्याच्या रात्रीत त्याचा झोत फिरता कामा नये. कालवणात टोमॅटो नको, सकाळी चहा नको. नारळ, भात, नाचणी, कोकम, सुकं खारं हे सगळं आहेच की. जहाजांची नावंही सरसकट 'गलबत' अशी लिहू नका. गुराब वेगळी, शिबाड वेगळं, मचवा वेगळा; कुणाला किती पाणी लागतं यावर प्रसंग ठरतो.

पशुपक्ष्यांचं वागणं मात्र तीनशे वर्षांत फारसं बदललेलं नाही, त्याचा फायदा घ्या. समुद्र गरुडाची जोडी त्याच त्या घरट्यात वर्षानुवर्षं काटक्या घालत राहते. झाडाखाली माशांचे काटे आणि समुद्रसापांचे मणके पडलेले असतात. टेहळणी करणारा तुमचा नायक तिथून चालत गेला तर त्याच्या पायाखाली काय येईल, ते तुम्हाला आयतं मिळालं.

वेळासचं उदाहरण मुलांच्या पुस्तकासाठी मला फार आवडतं. नाना फडणवीसांचं मूळ गाव ते, आणि कासवांच्या अंड्यांची राखण करणारं गावही तेच. ते बेट नाही हे खरं, पण एवढ्याशा गावात असा योग क्वचित.

काय छापायचं नाही

वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरच्या गुहेत पाकोळ्यांची वसाहत आहे. त्या लाळेने घरटी बांधतात आणि खायचं सूप करण्यासाठी त्या घरट्यांची चोरी होत आलेली आहे. अशा ठिकाणाचं वर्णन करा, पण वाट, वेळ आणि महिना सांगू नका. समुद्र गरुडाच्या झाडाचं, प्रवाळाच्या नेमक्या जागेचं तेच. फोटोतली स्थळनोंद काढून टाका.

सिंधुदुर्गाभोवतीचा समुद्र 1987 पासून मालवण सागरी अभयारण्यात आहे. पाण्यात उतरून काम करायचं तर वन खात्याची परवानगी आधी घ्या. किल्ल्यावर ड्रोन उडवायला पुरातत्त्व खात्याची लागते. सुरय पक्ष्यांची वसाहत दिसली तर पिल्लांच्या दिवसांत तिथे होडी लावू नका. आईबाप उडाले की उन्हात अंडी भाजतात.

मसुदा आणि छपाई

बांधणी सनावळीने करण्यापेक्षा एका वर्षाच्या ऋतूंवर करून बघा. दर्या उघडतो तिथून सुरुवात, पावसात शेवट. प्रत्येक महिन्यात त्या महिन्यात घडलेला इतिहास. सुवर्णदुर्ग इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने घेतला तो एप्रिल 1755 मध्ये, म्हणजे पावसाआधीच्या शेवटच्या निवांत समुद्रात. असे प्रसंग आपोआप आपल्या जागी बसतात. सनावळी शेवटी दोन पानांत द्या. नकाशा स्वतः काढा किंवा काढून घ्या, इंटरनेटवरचा उचलू नका, फोटोही नको.

मसुदा दोघांना द्या: एक इतिहासाचा माणूस, एक समुद्रावर जाणारा. दोघांचं एकाच पानावर भांडण झालं तर ते पान पुन्हा लिहा.

पहिलं पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिची जाहिरात कधी येते यावर लक्ष ठेवा. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन क्रमांक सरकारकडून मोफत मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. आकार पिशवीत मावेल असा ठेवा आणि कागद जाड घ्या, कोकणच्या दमट हवेत पातळ कागद लगेच लोळतो. प्रकाशन पावसाळ्यात धरू नका. दिवाळीच्या आधी प्रती हातात असल्या तर बेटाकडे जाणाऱ्या होड्या नुकत्याच सुरू झालेल्या असतात आणि जेट्टीवरचा टपरीवालाही दहा प्रती ठेवून घेतो.